हळदीच्या हाताचा ठसा

मित्रांनो, मी एक लोखंडी पत्रा आहे. आता माझ्या कडा गंजल्या आहेत आणि डाव्या कुशीला एक पोचाही पडला आहे. पत्रा म्हटलं की तुम्हाला छपरावरचा पत्रा आठवेल, पण ऊनपाऊस अडवणं हे माझं काम कधीच नव्हतं. माझं काम माणसांचे हात अडवण्याचं होतं. ते मी कित्येक वर्षं चोख केलं आणि एक दिवस केलं नाही. त्या एका दिवसामुळेच आज तुमच्यापुढे बोलायला उभा राहिलो आहे, नाहीतर पत्र्याची हकिकत कोण ऐकतो?

मोताळ्याहून मलकापूरच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जीन आहे. कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्याला आमच्या वऱ्हाडात जीन म्हणतात. एका लांबलचक खोलीत सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या दोन रांगा. त्यांच्या टोकाला दोन दातेरी चाकं, एक थोरलं आणि एक धाकटं. इंजिनाचा जोर ह्या चाकांतून सगळ्या यंत्रांना मिळायचा. नागपूरहून कारखाने तपासायला येणाऱ्या साहेबानं एका साली आपल्या वहीत लिहिलं, 'चाकं उघडी आहेत, झाका.' झालं, माझ्या जन्माला तेवढं निमित्त पुरलं.

मला घडवलं इंद्रभान लोहारानं. त्यानं सुतळीनं चाकांचं माप घेतलं आणि कडुनिंबाच्या ओंडक्यावर ठेवून ठोकत ठोकत मला कमानीसारखं वाकवलं. चार बोल्टांची भोकं पाडली. मग गंज चढू नये म्हणून बाहेरून शेंदऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि माझ्या पाठीवर थाप मारून तो मला म्हणाला, "हे पाह्य बे, तुह्या पोटात चाक राहीन अन् पाठीवर मानूस हात ठेवीन. दोघायची गाठ पडू द्याची नाही. समजलं का?"

मला समजलं होतं. विसरलो ते पुढे.

खरं सांगायचं तर पहिल्यापासून मी जरा मानी स्वभावाचा. आणि मान मात्र कुणी देत नव्हतं. चाकाला रोज तेल मिळायचं, इंजिनाला पाहायला शाळेची मुलं यायची, आणि मला मिळायच्या शिव्या. चाकाला तेल घालायचं तर आधी माझे चार बोल्ट काढावे लागत. त्यामुळे रामराव फिटर मला 'ही एक पीडा' म्हणायचा. रामराव माणूस वाईट नव्हता. हात हुशार, बोलणं तिखट, आणि यंत्राच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा. पण मी त्याच्या दृष्टीनं यंत्रच नव्हतो. फिरत नाही, आवाज करत नाही, मग ते कसलं यंत्र?

बायकांचं निराळं होतं. यंत्रांना कापूस घालायचं काम बायका करत. माझ्या शेंदऱ्या रंगामुळे त्यांनी माझं नाव म्हसोबा ठेवलं होतं. त्यांच्यात थोरली तानुबाई. शेजारच्या गावातल्या लहानशा शेतकरी घरातली, उंच, सावळी, पदर घट्ट खोचणारी. तिचं यंत्र मागच्या रांगेत शेवटचं, म्हणजे अगदी माझ्याजवळ. टोपलीतून कापूस सांडला की ती उजवा हात माझ्या पाठीवर टेकायची, वाकायची आणि डाव्या हातानं सांडलेला कापूस गोळा करायची. उठताना म्हणायची, "सरक रे म्हसोबा, जागा अडवून बसला." मी कसला सरकतो! पण मला ते आवडायचं. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा तो हात माझ्या पाठीवर यायचा. सहा हंगाम असा तो आला. पत्र्याच्या एका बाजूला चाक गरगरत होतं आणि दुसऱ्या बाजूला तो हात निवांत टेकलेला असायचा, आणि मधे मी होतो. इतका मोठा मान रोज मिळत असताना मला तो कळला नाही, ह्याचं आज फार वाईट वाटतं.

मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात हे तुम्हाला माहीतच आहे. जिनात त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. झेंडूची माळ आणि कुंकू थेट चाकाला लागलं पाहिजे, पत्र्याला लावून काय उपयोग, असं म्हणून रामरावानं दरसालप्रमाणे मला खोललं. दरसाल मला कोपऱ्यात उपडा टाकत. त्या साली मात्र जिनाचे व्यवस्थापक किसनराव म्हणाले, "अरे, ह्याले उभा कर. कसा देव्हाऱ्यासारखा दिसते पाह्य."

आणि खरंच, भिंतीला टेकवून उभा केल्यावर माझ्या कमानीचा सुरेख देव्हारा झाला. बायकांनी माझं पोट रॉकेलनं पुसलं आणि त्यावर चुन्याचा हात फिरवला. आत पाने, हातोड्या, तेलाची बुधली मांडली. नारळ ठेवला. मग सगळ्या म्हणाल्या, "तानुबाई, तुमी थोरल्या, तुमचा हात उठवा." तानुबाईनं उजवा तळवा ओल्या हळदीत बुडवला आणि माझ्या पोटाच्या मधोमध दाबला. चुन्यावर हळद पडली की ती लाल होते. पाहता पाहता पाची बोटांचा लालभडक ठसा उठला. करंगळी जरा वाकडी, अंगठ्याखाली सुईची जुनी खूण. सगळं जसंच्या तसं.

मित्रांनो, मी फुगून गेलो. माझ्यापुढे उदबत्ती होती, माझ्या गळ्यात माळ होती. समोर चाक उघडं होतं, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. ज्याच्याकडे आजवर कुणी पाहिलं नाही त्याच्यापुढे किसनराव हात जोडून उभे होते. आता मला कशाला कोणी पुन्हा त्या तेलकट कोपऱ्यात बसवेल, असंच मला वाटलं. आणि बसवू नये असंही वाटलं. हे कबूल करताना जीभ अडखळते, पण कबूल करायलाच हवं.

आमच्या जिनात एक रीत होती. हंगामातली रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, पहिली गाडी स्टेशनाकडे रवाना होईपर्यंत पूजेची मांडणी हलवायची नाही. एरवी दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत पहिली गाडी निघायची, आणि तोवर इंजिन बंदच असायचं असं नाही, पण काम नावापुरतं चालायचं. त्या साली पाऊस लांबला होता. कापूस उशिरा फुटला. जिनात चार-दोन बैलगाड्या यायच्या, पुढच्या रांगेतली चार यंत्रं रोज काही तास चालायची आणि मागच्या रांगेला काम नसायचं. तानुबाई आणि तिच्या बरोबरीच्या बायका घरीच बसून होत्या. चाकं मात्र उघडीच फिरत होती आणि समोरच्या भिंतीपाशी मी सुकलेली माळ घालून मजेत बसलो होतो.

रामरावाला आठवण नव्हती असं नाही. एकदा त्यानं किसनरावांना विचारलं, "पत्रा बसवून टाकू का जी?"

किसनराव म्हणाले, "पह्यली गाडी जाऊ दे. पूजा मोडाची काऊन? चार दिवसांनं काय बिघडते?"

"बरं," रामराव म्हणाला आणि इंजिनाकडे गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. किसनरावांनी पुन्हा सांगितलं नाही. दोघांनाही वाटलं, आता हे दुसऱ्याच्या ध्यानात आहे.

पूजेनंतर अठराव्या दिवशी सकाळी एकदम तीस गाड्या आल्या. आवार कापसानं पांढरं झालं. मागच्या रांगेतल्या बायकांना निरोप गेले, आणि तानुबाई आपल्या जुन्या जागी येऊन उभी राहिली. इंजिन जोरात, कापसाची धूळ अशी उडालेली की हाताच्या अंतरावरचं नीट दिसेना. किसनराव दारातून ओरडत होते, "हात चालवा बाई, आज पह्यली गाडी निघाली पाह्यजे!"

टोपलीतून कापूस सांडला. तानुबाईनं तिकडे न बघता, सहा वर्षांच्या सवयीनं, उजवा हात माझ्या पाठीवर टेकवायला नेला.

माझी पाठ तिथे नव्हती.

पुढचं मी सविस्तर सांगणार नाही. रामरावानं धावत जाऊन इंजिनाचा पट्टा उतरवला तेव्हा चाक थांबलं. बायकांनी लुगड्याची चिंधी फाडून हात बांधला आणि कापसाचीच एक गाडी रिकामी करून तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. घाटाचा चढ, बैल किती पळणार? दवाखान्यात मनगटाच्या वरपर्यंत हात काढावा लागला. मी भिंतीशी उभा राहून सगळं पाहिलं. इतका मजबूत असून मला एक पाऊलही पुढे टाकता येत नाही, ह्याचं दुःख मला आयुष्यात तेव्हा एकदाच झालं.

गाडी दिसेनाशी झाली तसे किसनराव रामरावाजवळ आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "पत्रा बसव," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. साहेब येईन त त्याले पत्रा बसेल दिसला पाह्यजे. काय झालं विचारलं त सांगाचं, बोल्ट ढिले होते, बाईनंच कापसासाठी ओढून काढला."

रामरावानं माझी माळ काढली. रॉकेलची चिंधी घेऊन माझं पोट पुसायला वाकला आणि तिथेच थबकला. समोर तो हात होता. करंगळी जरा वाकडी. चिंधी त्याच्या मुठीत तशीच राहिली. मग त्यानं ती फेकून दिली आणि न पुसताच मला चाकावर चढवून चारही बोल्ट आवळले. किसनरावांनी माझ्या पोटात डोकावून पाहिलंच नाही, आणि साहेब येईपर्यंत चाकही पुन्हा फिरलं नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीचा साहेब आला. त्यानं चाक बंदच ठेवायला लावलं, मला खोललं, गोणपाटात गुंडाळलं आणि शिक्का मारून बुलढाण्याला नेलं.

तेव्हा मजुरांसाठी एक नवा कायदा झाला होता. कामावर माणसाला इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची. पण त्यात एक मेख होती. मजुरानं आपण होऊन संरक्षणाचं साधन काढलं असेल, तर मालकावर काही जबाबदारी नाही. सगळा खटला म्हणूनच माझ्याभोवती फिरत होता. पत्रा होता की नव्हता? आणि नसेल, तर काढला कुणी?

गावात तर निकाल आधीच लागला होता. बाई अधाशी, चार बोंडांसाठी चाकात हात घातला, असं लोक पाणवठ्यावर बोलत. तानुबाईला हाताइतकंच ते बोलणं लागलं होतं. तिचे वकील वामनराव बुलढाण्याचेच, सौम्य बोलणारे गृहस्थ. कचेरीच्या व्हरांड्यात मी गोणपाटात पडलो होतो तेव्हा ती त्यांना म्हणाली, "वकीलसाहेब, भरपाईचं कोर्टानं पाहावं. मी पत्रा काढला नाही, येवढं सरकारी कागदावर लेहून पाह्यजे मले. माह्या लेकराबाळायनं माय अधाशी होती असं आयकाचं काय जलमभर?"

"लिहून मिळेल," वामनराव म्हणाले. "पण ते मी बोलून मिळणार नाही, तानुबाई. कुणीतरी खरं बोलायला हवं."

खटला ऐकणाऱ्या कोर्टाच्या साहेबांपुढे मला टेबलावर ठेवलं, शेंदरी पाठ वर करून. किसनरावांनी शपथेवर सांगितलं की पत्रा बसवलेलाच होता. त्यांच्या वकिलानं तानुबाईला विचारलं, "चाक फिरताना तुला दिसत होतं ना? मग हात का नेला?"

"चाकाकडं नाही नेला जी," तानुबाई म्हणाली. "पत्र्यावर नेला. सहा वरसं तिथंच टेकत होती. हाताले काय ठाऊक, पत्रा नाही म्हनून? तो असते असंच हात समजला."

कोर्टात कुणीतरी हसलं. मला मात्र वाटलं, टेबलाला भोक पडावं आणि मी खाली जावं.

मग रामराव उभा राहिला. त्यानंही तेच सांगितलं, पत्रा बसलेला होता, बाईनं ओढून काढला. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती. वामनराव उठले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"रामराव, तुम्ही कसबी माणूस. मला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून विचारतो. चाक फिरताना तेल उडतं का?"

"उडते जी."

"पत्र्याच्या आतल्या बाजूला लागतं?"

"सारा काळा होते."

"किती वेळात?"

"घंटाभरात."

"आणि नवमीपासून त्या दिवसापर्यंत चाक रोज चाललं?"

"हाव. थोडं थोडं, पन रोज."

वामनरावांनी मला दोन्ही हातांनी उलटं केलं. माझं चुन्यानं पांढरं पोट सगळ्यांना दिसलं, आणि मधोमध तो लाल हात. पाचही बोटं स्वच्छ होती. तेलाचा एक ठिपका नव्हता.

"हा कुणाचा हात, रामराव?"

रामरावानं त्या ठशाकडे पाहिलं, मग तानुबाईकडे. तिनं उजवी बाजू पदराखाली झाकून घेतली होती. रामरावाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो म्हणाला, "बाईचाच हाय साहेब. खंडेनवमीचा. पत्रा तवापासून भिताडाले उभा होता. मी खोलला अन् मीच बसवला नाही. बाईच्या अंगावर खोटं टाकलं मी."

किसनराव घाईघाईनं म्हणाले, "पत्रा बसवणं फिटरचं काम आहे, माझं नाही." त्यांच्या वकिलानं सांगितलं की मालक तर मुंबईला असतात, त्यांना काही माहीतच नव्हतं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि चष्मा पुसत मालकाच्या वकिलाला म्हणाले, "एकानं काढला, दुसऱ्यानं राहू दिला, तिसऱ्यानं विचारलं नाही. पण चाक तुमचं आणि आवार तुमचं. तिथे कामाला येणाऱ्या हाताची काळजी तुमच्याकडेच होती." निकाल तानुबाईच्या बाजूनं लागला. तिनं पत्रा काढला नव्हता, हे सरकारी कागदावर आलं. वामनरावांनी ते वाचून दाखवलं तेव्हा तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग डाव्या हाताचा अंगठा उठवला. उजवा उठवायची सवय होती, म्हणून आधी खांदा हलला. ते मी पाहिलं.

मला जिनात परत पाठवलं. रामरावानं मला जागेवर बसवलं आणि त्या दिवसापासून रोज सकाळी इंजिनाआधी तो माझे बोल्ट तपासू लागला. तेल घालायला माझ्या अंगात एक छोटं भोक पाडून घेतलं, म्हणजे मला खोलायची गरज उरली नाही. पाच मिनिटांचं काम ते. आधी का सुचलं नाही, असं तो एकदा मला हळूच म्हणाला.

पुढच्या खंडेनवमीला मला कुणी काढलं नाही. झेंडूची माळ माझ्या पाठीवरूनच घातली. बायकांनी तानुबाईला मुद्दाम बोलावून आणलं होतं. रामरावानं हळदीची वाटी पुढे केली. तिनं वाटीला हात लावला नाही. माझ्याजवळ आली, डावा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि मला जोर लावून हलवून पाहिलं. मी हललो नाही.

"घट हाय," ती म्हणाली. "असंच ठेव रामभाऊ." आणि घरी गेली.

मित्रांनो, मला बोध करता येत नाही आणि माझ्यासारख्यानं तो करूही नये. एवढंच मागणं आहे. तुमच्या हाती काही काढून ठेवायचं काम आलं, विहिरीवरचं झाकण असो, दाराची कडी असो, की मजसारखा एखादा पत्रा असो, तर ते परत जागेवर बसल्याशिवाय तिथून हलू नका. दुसऱ्याच्या ध्यानात असेल असं समजू नका. कुणीतरी रोजच्या भरवशानं, न बघता, तिथे हात टेकवणार आहे.

आणि तो ठसा? कोर्टातून आल्यावर चाक सुरू झालं तसं तेल उडायला लागलं. आधी करंगळी गेली, मग तळवा, मग अंगठ्याखालची ती सुईची खूण. घंटाभरात माझं पोट काळं झालं. त्या खंडेनवमीनंतर मी माझ्या जागी असतो, तर तो ठसा तेव्हाच असा पुसला गेला असता आणि तानुबाईचा हात राहिला असता. मी जागेवर नव्हतो, म्हणून ठसा राहिला.